न उचललेला विडा

दरबारात एखादी अवघड कामगिरी सोपवावयाची असली म्हणजे तबकात विडा मांडून ते तबक मानकऱ्यांच्या बैठकीपुढे ठेवावयाचे, कामगिरी काय आहे हे सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने सांगावयाचे, आणि ज्याच्या अंगात ती पत्करण्याची हिंमत असेल त्याने पुढे होऊन तो विडा उचलावयाचा, ही चाल आपल्या बखरींतून इतक्या वेळा आलेली आहे की ‘विडा उचलणे’ म्हणजे काय हे शाळेतल्या मुलालाही समजावून सांगावे लागत नाही. १६५९ साली विजापूरच्या दरबारात शिवाजी महाराजांना धरून आणण्याचा विडा अफझलखानाने उचलला, हा प्रसंग बखरकारांनी मोठ्या रंगाने सांगितला आहे. परंतु तो वाचताना माझे लक्ष खानाच्या पुढे झालेल्या हातापेक्षा त्या बैठकीतील न उचललेल्या हातांकडे अधिक जाते. तबक समोर असताही ज्यांनी आपला हात मांडीवरच राहू दिला, त्यांनी तो भीतीने राहू दिला की विचाराने, हे कोणी टिपून ठेवलेले नाही. तथापि त्या चालीत एक शहाणपण होते, ते असे की नाही म्हणणाराला तोंडाने नाही म्हणावे लागत नसे. विडा तबकात राही, तबक पुढे सरके आणि माणसाची अब्रू जागच्या जागी राही. दरबारातून निघताना हाती पडे तोही विडाच, परंतु तो निरोपाचा. कामाला बांधणारी आणि घरी जाण्याची मोकळीक देणारी वस्तू एकच असावी, यात आपल्या लोकांची काही खोल समज असली पाहिजे असे मला नेहमी वाटत आले आहे.

न उचललेल्या विड्याविषयी मला इतका जिव्हाळा वाटण्यास माझ्याच आयुष्यातील एक प्रसंग कारण आहे. पस्तीस वर्षांपूर्वी, बी. ए.ची परीक्षा उतरून सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी मी नोकरीच्या शोधात बसलो असताना, मुंबईत कोटातल्या एका पेढीकडून मला मुलाखतीचे बोलावणे आले. पेढी कर्जाऊ रकमा देणारी होती आणि जागा वसुलीच्या खात्यातली होती. इंग्रजी किती येते, मोडी वाचता येते काय, सायकल चालविता येते काय, असे चार प्रश्न झाल्यावर मेजापलीकडच्या वयस्क गृहस्थांनी चष्मा काढून हातात घेतला आणि अगदी साध्या सुरात विचारले, “एखाद्याच्या दारात उभे राहून घरातल्या भांड्यांची यादी करावी लागेल, ती करीत असताना घरातली बाई रडू लागली, तर यादी थांबवाल की पुरी कराल?” जागा मिळविण्यासाठी गेलेला माणूस जे बोलतो तेच मी बोललो. “पुरी करीन,” असे मी म्हणालो, आणि त्यांनी समाधानाने मान हलविली. दुसऱ्या दिवशी रात्री घरी पोचल्यावर आईने जेवावयास पान वाढले. त्या पितळी ताटाच्या काठावर माझ्या आजोबांचे नाव घातलेले होते. ते मी लहानपणापासून रोज पाहत आलो होतो, पण त्या रात्री ते दिसताच ‘पितळी ताट, नग एक, नाव घातलेले’ ही ओळ, कोणी कानाशी सांगावी तशी, माझ्या मनात उमटली आणि घास हातातच राहिला. चार दिवसांनी नेमणुकीचे पत्र आले. आठ दिवसांत होकार कळवावा, असे त्यात लिहिले होते.

मला खरी अडचण पडली ती पुढेच. जागा नको होती हे मनाला ठाऊक झाले होते, पण ती मागावयास मी माझ्या पायांनी गेलो होतो. विचारलेल्या प्रश्नाला मी स्वतःच्या तोंडाने होकार भरला होता. बैठकीत जाऊन बसलेल्याने तबकाकडे पाठ फिरवावी हे योग्य की अयोग्य, याचा निर्णय मला तेव्हा एकट्याने करता आला नाही, आणि पुढे इतिहासाचे वाचन करू लागल्यावर, आपल्या मुलखात नोकरी नाकारणाऱ्यांनी ती कशी नाकारली याची टिपणे मी आपसूकच करीत गेलो.

प्रथम शब्दच पाहावे. ज्याला आपण मुलाखत म्हणतो तिचा मूळ अर्थ केवळ भेट असा आहे. दोन माणसे समोरासमोर येतात, याहून अधिक काही त्या शब्दात नाही. उमेदवार म्हणजे उमेद बाळगणारा, आशेवर असलेला. नोकर हा शब्द तर मंगोल लोकांच्या भाषेतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि तिकडे त्याचा अर्थ सोबती, सरदाराचा साथीदार असा होता; चाकरीचा अर्थ त्याला मागाहून जडला. परंतु या सर्व शब्दांत ज्याने मला विचारात पाडले तो शब्द राजीनामा हा होय. राजी म्हणजे खुशीचा, नामा म्हणजे लेख. तेव्हा राजीनामा हे मुळात संमतीचे खत. पेशवाईत वाद पंचायतीपुढे गेला म्हणजे पंच जो निवाडा देतील तो आपणांस मान्य आहे असा राजीनामा वादी व प्रतिवादी दोघेही लिहून देत, आणि निवाडा झाल्यावर हरलेला पक्ष येजितखत, म्हणजे हार कबूल केल्याचा कागद, लिहून देई. पुढे इंग्रजी अमलात मुंबई इलाख्याची जमीनमोजणी झाली, तेव्हा शेत सोडून देणारा रयत राजीनामा देई आणि ते शेत पत्करणारा कबुलायत देई, आणि कुळकर्ण्याच्या दप्तरात हे दोन कागद बहुधा एकापाठोपाठ एक असे लावलेले सापडत. सोडणे हेही खुशीचेच असले पाहिजे, कोणी हाकलून दिल्याचे नसावे, एवढाच त्या शब्दातला आग्रह. आणि त्याच वाटेने तो नोकरी सोडण्याच्या अर्थाला येऊन पोचला. धरण्याला कबुलायत आहे, सोडण्याला राजीनामा आहे. परंतु समोर आलेले न धरण्याला आपल्या सबंध दप्तरात एकही कागद नाही. ज्याने विडा उचललाच नाही त्याच्यापाशी लिहून देण्यासारखे काही नसते, असे जुन्या लोकांना वाटत असावे.

म्हणूनच जुन्या काळातील नकाराची जी उदाहरणे आपल्यापर्यंत आली ती बहुतेक सोडण्याची आहेत, आणि त्यांत रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव अग्रभागी यावे हे स्वाभाविक आहे. माहुलीच्या या ब्राह्मणाने बाळपणी परक्या घरी शागिर्दी केली, काशीस जाऊन विद्या संपादन केली आणि पुण्यास येऊन न्यायाधीशाचे आसन मिळविले, ही कथा सर्वश्रुत आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला, त्याचा माग काढीत रामशास्त्री रघुनाथरावांपर्यंत पोचले, या पातकाला देहान्तावाचून प्रायश्चित्त नाही असे त्यांनी त्यांच्या तोंडावर सांगितले आणि ते पुणे सोडून वाईकडे निघून गेले. हा प्रसंग इतका तेजस्वी आहे की त्याच्या प्रकाशात त्याआधीचा एक लहानसा प्रसंग झाकून जातो, आणि माझ्या मते नोकरी व नकार यांचे नाते समजण्यास तो लहान प्रसंगच अधिक उपयोगी आहे. थोरले माधवराव एका काळी जपतपात फार गुंतले होते. रामशास्त्री काही राजकारणाचे काम घेऊन गेले असता पेशवे ध्यानस्थ बसलेले त्यांना आढळले. दुसऱ्या दिवशी शास्त्रीबोवांनी, आपणांस आता काशीस जाण्याची रजा मिळावी, अशी विनंती केली. आदल्या दिवशीच्या वर्तनाबद्दल माधवरावांनी दिलगिरी दाखविली, पण आपला जप त्यांना समर्थनीय वाटत होता. तेव्हा राज्याचा भार पत्करलेल्या पुरुषाने एकतर तो भार नीट वाहावा, नाहीतर दोघांनी मिळून गंगातीरी जाऊन बसावे, असे रामशास्त्र्यांनी त्यांना समजावले, आणि पेशव्यांनी तो क्रम सोडला. इतिहासकार ग्रँट डफने ही हकीकत नमूद केली आहे. रजा मागताना शास्त्रीबोवांनी ना आवाज चढविला, ना दारे आपटली. काशीची वाट त्यांच्या मनात नेहमीच मोकळी होती, आणि ती मोकळी असल्यामुळेच त्यांची पुण्यातली प्रत्येक दिवसाची हजेरी खुशीची होती.

इंग्रजी अंमल १८१८ साली पुण्यास आला आणि ही मोकळी वाट हळूहळू बुजत गेली. शिंदे नको तर होळकर, होळकर नको तर नागपूरकर भोसले, अशी जी अनेक दारे लेखणीच्या आणि तलवारीच्या माणसाला पूर्वी उघडी होती त्यांतली बरीचशी बंद झाली, किंवा उघडी असूनही त्यांच्या आत फारसे काही उरले नाही. राहिले ते एक सरकार आणि त्याची कचेरी. मामलेदार कचेरीच्या ओसरीवर मग उमेदवारांची जी रांग बसू लागली ती दोन-तीन पिढ्या हलली नाही. हे उमेदवार बिनपगारी काम करीत, नकला उतरीत, कारकुनांची कामे उपसून देत, आणि एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाहत वर्षानुवर्षे काढीत. ‘उमेदवारी करणे’ या शब्दाला फुकट राबण्याचा जो वास आला तो येथूनच. उत्तम शेती, मध्यम व्यापार आणि कनिष्ठ चाकरी, असे म्हणत आलेल्या समाजाने शेती करणाऱ्या मुलापेक्षा कचेरीत उमेदवारी करणाऱ्या मुलाला आधी सोयरीक द्यावी, इतका पालट त्या काळात झाला. १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रातून लोकहितवादींनी जी शतपत्रे लिहिली त्यांत या नोकरीच्या लोभावर आणि उद्योगधंद्यांच्या उपेक्षेवर त्यांनी पुनःपुन्हा प्रहार केले. ते स्वतः सरकारी सेवेत होते, आणि आतून पाहिलेल्या गोष्टीविषयी ते बोलत होते, म्हणून त्या प्रहारांना वजन आहे.

त्याच पुण्यात, त्याच साली, स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकलेला एक तरुण कचेरीच्या रांगेत न बसता भिडे वाड्यात मुलींची शाळा काढून बसला होता. जोतीराव फुले यांनी नोकरी नाकारल्याचा मोठा प्रसंग कोठे वर्णिलेला नाही, कारण ते त्या ओसरीवर गेलेच नाहीत. पुढे उपजीविकेसाठी त्यांनी बांधकामाची कंत्राटे घेतली, खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला सामान पुरविले, आणि ज्या सरकारची नोकरी करावयाची नाही त्याच्या बांधकामावर मजुरांचे हाल कसे होतात हे डोळ्यांनी पाहून लिहिले. नोकरी नको असलेल्याने कोणते तरी दुसरे काम हातात धरलेले असले पाहिजे, हे त्यांच्या चरित्रात जितके उघड दिसते तितके क्वचितच कोठे दिसते.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांकडे १८७४ पासून ‘निबंधमाला’ होती. बी. ए. होऊन पुण्याच्या सरकारी शाळेत शिक्षकी करीत असतानाच त्यांनी ती सुरू केली. मग त्यांची रत्नागिरीस बदली झाली, आणि १८७९ साली त्यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. त्याच वर्षी मुंबई इलाख्याचा जमीन महसुलाचा कायदा झाला आणि शेत सोडण्याच्या राजीनाम्याचे नियम त्यात पक्के झाले. शेत सोडणारा रयत आणि शाळा सोडणारा शास्त्री यांच्या कागदाला एकच नाव होते. पुण्यास परतून १८८० च्या आरंभी विष्णुशास्त्र्यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. टिळक त्यांना मिळाले, थोड्याच अवकाशाने आगरकर आणि वामन शिवराम आपटे मिळाले. डेक्कन कॉलेजात शिकत असताना टिळक आणि आगरकर रात्र रात्र बोलत बसत आणि सरकारी नोकरी करावयाची नाही असा त्यांचा निश्चय त्या बोलण्यात ठरत गेला, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत.

ऐकत आलो नाही ते त्या निश्चयाच्या दुसऱ्या टोकाला कोण होते ते. आगरकरांचे घर टेंभूचे, अत्यंत गरिबीचे, मुलगा एम. ए. होणार म्हणजे आता दिवस पालटणार, ही त्या घराची एकमेव आशा. अशा वेळी त्यांनी आपल्या आईला पत्र लिहिले, आणि मोठी परीक्षा देत असलेला आपला मुलगा आता मोठ्या पगाराची नोकरी करून तुला सुखात ठेवील असे मनोरथ तू करू नकोस, पोटापुरत्या पैशांवर समाधान मानून बाकीचा वेळ लोकांच्या हितासाठी घालविण्याचे मी ठरविले आहे, असा त्याचा आशय होता. या पत्राची थोरवी सांगणारे पुष्कळ आहेत, आणि ती थोरवी निर्विवाद आहे. मला मात्र ते पत्र टेंभूस पोचले तो दिवस पुढे दिसतो. ते कोणी वाचून दाखविले, ऐकताना त्या माऊलीच्या हातात काय काम होते, तिने ते दुसऱ्यांदा वाचावयास सांगितले की नाही, यातले काहीही चरित्रकारांना मिळालेले नाही. विडा न उचलण्याचा मान मुलाचा. रिकाम्या तबकाकडे पाहत बसण्याचे तिच्या वाट्याला आले. आगरकर १८९५ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी गेले, आणि आपल्या उत्तरक्रियेपुरते पैसे त्यांनी आधीच पुडीत बांधून ठेवलेले सापडले असे सांगतात.

गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या घरी ही दुसरी बाजू थोडी अधिक स्पष्ट दिसते. १८७९ साली वडील वारले तेव्हा गोपाळराव तेरा वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव स्वतः विद्यार्थिदशेत होते. त्यांनी शिक्षण सोडले, कागल दरबारात महिना पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्या पंधरांतील आठ रुपये धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी ते पाठवीत गेले. उरलेल्या सातांत त्यांनी आई, बहिणी आणि आपला संसार कसा चालविला असेल, हा हिशेब मी अनेकदा मांडून पाहिला आहे आणि तो कधीही जुळलेला नाही. १८८४ साली गोपाळराव बी. ए. झाले, त्यांनी वकिली करावी अशी घराची इच्छा होती आणि त्यांनी कायद्याच्या वर्गात नावही घातले होते. परंतु न्यू इंग्लिश स्कूलमध्ये पस्तीस रुपयांवर शिकवू लागलेला हा तरुण त्या मंडळींत रमला, आणि १८८६ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा आजीव सभासद झाला. आजीव सभासद होणे म्हणजे वीस वर्षे महिना पंचाहत्तर रुपयांच्या आसपासच्या वेतनावर शिकविण्याचे व्रत घेणे. गोपाळरावांनी एकही नेमणुकीचे पत्र परत पाठविले नाही, पण कायद्याच्या पदवीच्या पलीकडे जी नोकरी, जी सनद, जे न्यायासन त्यांची वाट पाहत होते ते सगळे त्यांनी या एका सहीने नाकारले. आणि गोविंदरावांचे ते आठ रुपये, जे उद्या दामदुपटीने परत यावयाचे होते, ते पुण्याच्या पोरांना इंग्रजी आणि गणित शिकविण्यात खर्ची पडले. १९१४ साली गोखल्यांनी सरकारचा ‘सर’ हा किताब नाकारला, त्याची वाखाणणी पुष्कळ होते. तेव्हा त्यांना खर्च काहीच आला नव्हता. खर्च झाला तो १८८६ साली, आणि तो कागलच्या घराने केला.

नाकारण्याची आणखी एक तऱ्हा आहे, आणि तिचा मोह मला त्या आठ दिवसांत फार झाला. इंग्लंडात वाढलेले अरविंद घोष १८९० साली इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले. मुलाने या सेवेत जावे ही वडिलांची उत्कट इच्छा होती. अरविंदांना स्वतःला ती नको होती, पण घराला दुखवून नाही म्हणण्याची वाट त्यांना दिसेना. शेवटची घोडेस्वारीची परीक्षा राहिली होती. तिला ते पुनःपुन्हा गैरहजर राहिले, आणि १८९२ साली सरकारनेच त्यांना नापसंत केले. त्या वेळी सयाजीराव गायकवाड लंडनमध्ये होते. त्यांची व अरविंदांची भेट झाली, दोनशे रुपये महिना ठरला, आणि १८९३ च्या आरंभी अरविंद बडोद्यास येऊन रुजू झाले. तेथे त्यांनी मराठीही आत्मसात केली. नकाराचा बोल आपल्या तोंडून न काढता दुसऱ्याच्या तोंडून वदवावा, ही युक्ती दयेपोटी केलेली होती हे मान्य करूनही मला ती पुरती रुचत नाही. अशाने घराचे दुःख टळत नाही. फक्त ते अपयशाचे दुःख होते, निश्चयाचे होत नाही.

परंतु हे सर्व लिहिताना एका गोष्टीने माझी लेखणी अडते. आतापर्यंत ज्यांची नावे आली त्यांच्यापुढे तबक येत होते. या महाराष्ट्रात लक्षावधी माणसे अशी होती की ज्यांना काम कधी विचारले गेले नाही आणि म्हणून नाकारताही आले नाही. महार वतन हे त्याचे ठळक उदाहरण होय. गावचा सांगावा पोचविणे, सरकारी अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे, वेस राखणे, मेलेली जनावरे ओढणे, ही कामे बाप करीत होता म्हणून मुलाने करावयाची. वतन म्हणजे इनाम असा सामान्य समज, पण येथे जमिनीचा लहानसा तुकडा हीच बेडी झाली होती. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतनसुधारणेचे बिल आणले, ते त्या वेळी तडीस गेले नाही. कनिष्ठ गाववतने नष्ट करणारा कायदा होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. म्हणजे एका माणसाला ‘हे काम मी करणार नाही’ एवढे वाक्य कायद्याच्या आधाराने उच्चारता यावे, यासाठी तीस वर्षे लागली.

आणि स्वतः बाबासाहेबांचा बडोद्याचा अनुभव तर या इतिहासातील सर्वांत क्लेशदायक पान आहे. १९१३ साली सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेताना, परत येऊन दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी लिहून दिला होता. तो पाळण्यासाठी ते १९१७ साली बडोद्यास गेले. कचेरीत शिपाई कागदांची भेंडोळी लांबून फेकीत, आणि गावात राहावयास जागा मिळेना. पारशी वसतिगृहात त्यांनी आसरा घेतला तेथून काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना हुसकावले, आणि दिवसभर एका बागेत बसून ते रात्रीच्या गाडीने मुंबईस निघाले. त्यांनी नोकरी सोडली असे आपण म्हणतो. त्यांना विडा उचलावयाचा होता; तबकच त्यांच्या हातून ओढून घेतले गेले. अशा सोडण्याला राजीनामा म्हणणे हे त्या शब्दाच्या पोटातील ‘राजी’ या अक्षरांचा द्रोह करणे होय.

मुंबईच्या गिरणगावातही हेच निराळ्या रीतीने होते. बदली कामगार रोज सकाळी भोंग्याच्या वेळी फाटकापाशी उभा राही. १९३५ पासून बदलीची कार्डे निघाली, पण कार्ड असले तरी रोज हजर होणे चुकत नसे. कोणत्या साच्यावर, कोणत्या खात्यात, हे विचारण्याची सोय नव्हती. एके दिवशी नको म्हटले तर दुसऱ्या दिवशी नाव पुकारले जाईल याचा भरवसा नव्हता. एकट्याला नाकारता येत नाही म्हणून मग सर्वांनी मिळून नाकारावयाचे, ही रीत त्या वस्तीने धरली, आणि तिला आपण संप म्हणतो.

आमच्या घरी त्या आठ दिवसांपैकी सहा निघून गेले होते. मी मनाशी ठरविले होते की पत्राला उत्तरच द्यावयाचे नाही. मुदत टळेल, जागा दुसऱ्याला जाईल, आणि कोणाला काही बोलावे लागणार नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले होते. सहाव्या दिवशी संध्याकाळी दिवा लागल्यावर त्यांनी मला ओसरीवर बोलाविले, पत्र कोठे आहे ते विचारले, ते संपूर्ण वाचले आणि म्हणाले, “नको असेल तर नको म्हण, बाळ; पण तसे लिहून कळव. तुझ्यामागे कोणी उमेदवार असेल, तो आपल्या घरी असाच ओसरीवर बसला असेल. तुझ्या गप्प बसण्याने त्याचे दोन दिवस का जावेत?” कारण काय लिहू, असे मी विचारले. त्यावर ते म्हणाले, “कारण त्यांनी मागितलेले नाही. उपकार मान, आणि जागा पत्करता येत नाही एवढे लिही. सही मात्र पूर्ण नावाची कर.” मी तीन ओळींचे पत्र लिहिले, भेटीत दिलेला शब्द मला पाळता येत नाही याबद्दल क्षमा असावी, अशी चौथी ओळ मी अण्णांना न दाखविता घातली, आणि सकाळी पहिल्या एस.टी.च्या आधी ते टपालात टाकले.

अक्का, म्हणजे माझी बहीण, तेव्हा तालुक्याच्या गावी शाळेत शिकवीत होती. माझी नोकरी लागली म्हणजे तिचे लग्न करावयाचे, असे घरात ठरलेले होते. स्थळही पाहिलेले होते. मला मनाजोगती शिक्षकाची जागा मिळण्यास पुढे पावणेदोन वर्षे लागली. त्या अवधीत अक्का मला एका शब्दानेही काही बोलली नाही, आणि मीही तिला काही विचारले नाही, याची खंत मला आजवर आहे. अण्णांच्या पश्चात घरातली जुनी पेटी उघडली तेव्हा त्या वर्षांची जमाखर्चाची वही सापडली. दर महिन्याच्या पहिल्या पानावर, जमेच्या बाजूला, अण्णांच्या ठसठशीत अक्षरांत ‘चि. अक्काकडून’ अशी ओळ आहे, आणि तिच्यापुढे रक्कम आहे. अशा एकवीस ओळी मी मोजल्या. बाविसाव्या महिन्यात ती ओळ नाही. तेथे खर्चाच्या बाजूला ‘अक्काचे लग्न, हळद-कुंकू व विड्याची पाने’ अशी नोंद आहे.